चाळिशी आणि चकणे राक्षस

८ जून, रविवार

ही वही सृष्टीनं आणून दिली. "आई, कुठल्या बाहुलीला कुठला रंग किती मिसळलास ते लिहून ठेव. तीच ऑर्डर पुन्हा आली तर तोच रंग लागेल." वही रंगांची, आणि मी पहिल्याच पानावर घरातलं लिहायला बसलेय. बारावीपर्यंत शिकले, त्यानंतर किराण्याच्या यादीखेरीज काही लिहिलं नव्हतं. शाळेतल्यासारखं शुद्ध लिहायचं ठरवलंय. पण मला राग आला की आतलं शिराळा, म्हणजे आमच्या गावची बोली, बाहेर येतं, त्याला माझा इलाज नाही.

तर झालं असं. लेक पुण्यात नोकरीला. दर शनिवारी तिथली सहा जणं एका टेबलाभोवती जमून खेळतात. पत्ते नाहीत, कॅरम नाही. टेबलावर गुहेचा नकाशा मांडायचा आणि त्यांच्यातला जयराज म्हणून एक पोरगा आहे, फलटणचा, तो गोष्ट सांगायला बसतो. तुमच्यापुढं दरी आहे, दरीत राक्षस आहेत, आता काय करता बोला. मग बाकीचे वीस बाजूंचा फासा टाकतात आणि जे दान पडेल तसं लढतात. प्रत्येकाची एक बाहुली, अंगठ्याच्या पेराएवढी. आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे सोंगट्याच की गं." सासूबाईंना आम्ही आत्याबाईच म्हणतो. सृष्टीला तो शब्द आवडला नाही, पण तिला दुसराही सुचला नाही.

बाजारातल्या बाहुल्या सगळ्या एकसारख्या आणि राखाडी. ह्यांना आपली दुसऱ्यासारखी नको. कुणाला राक्षसाच्या खांद्यावर घोंगडं हवं, कुणाला हात बदलून हवा, तोंड तर सगळ्यांनाच रंगवून हवं. सृष्टीनं तिथं छाती पुढं काढून सांगितलं, "माझी आई देवाचे डोळे उघडते, राक्षसाचं काय घेऊन बसलात!" आणि आज अकरा बाहुल्यांची पिशवी माझ्यापुढं ओतली. एकेकाचं तोंड मसुरीच्या डाळीएवढं. मी म्हटलं, त्यात काय मोठं. बोलून तर बसले.

१० जून, मंगळवार

सृष्टी परत गेली. बाहुल्या बघून ह्ये, म्हणजे मालक, आप्पासो, एवढंच म्हणाले, "नागाच्या टायमाला ह्ये काय झंगट?"

नागाचा टाइम म्हणजे आषाढ. आमचा मूर्तींचा कारखाना. आधी पंचमीचे मातीचे नाग, मग गणपती, मग देवी. माती आणि साचे ह्यांच्याकडं. अंगाचा रंग संयोगिताकडं. ती माझी धाकटी जाऊ. भाऊजी पलटणीत, म्हणून ती इथं आमच्यात. आणि डोळ्यांची आखणी माझ्याकडं, सोळा वर्षं झाली. गिऱ्हाईक दारात येतं ते डोळे बघून येतं, हे मी माझ्या तोंडानं सांगत नाही, सगळा गाव सांगतो.

डोळे काढायचे आमच्या घरात दोन नियम आहेत. पहिला, खोलीचं दार आतून लावायचं, कुणी बघायचं नाही, दिष्ट लागते. दुसरा, देवाच्या आणि आपल्या नजरेमध्ये काच नको. ज्या दिवशी आत्याबाईंना चाळिशी लागली त्याच दिवशी त्यांनी शून्य नंबरचा ब्रश माझ्या हातात ठेवला आणि खोलीतून बाहेर पडल्या, ते आजतागायत. तेव्हा मी तीस वर्षांची होते. संयोगिता आता तिशीची आहे. हे आपलं सहज लिहिलं. मला सेहेचाळीस झाली, पण नजर घारीची आहे.

१२ जून, गुरुवार

राक्षस नंबर एक. रंग: हिरवा तीन थेंब, पिवळा एक, काळ्याचं नुसतं टोक. खांद्यावर घोंगडं एम-सीलचं केलं, त्याला सुईनं वीण टोचली. फार झकास दिसतंय.

डोळ्यांना मात्र वेळ लागला. खोलीतला बल्ब मेला अंधूक झालाय. शिवाय बाहुली लांब धरली की छान दिसते, पण मग ब्रशचा हात आखूड पडतो. ह्या परदेशी कंपन्यांना माप म्हणून कळत नाही. शेवटी श्वास रोखून दिले दोन ठिपके.

संयोगितानं हातात घेऊन उलटापालटा केला. "अक्का, ह्यो बगतोय कुनीकडं?"

"दोन्हीकडं. राक्षस हाय त्यो. सावध असतोय."

तिनं तो गुपचूप फळीवर ठेवला. तिचं न बोलणं मला आवडत नाही.

१५ जून, रविवार

आज लय राग आलाय, तवा शुद्धबिद्ध काय न्हाई.

पिशवीत एक नाजूक बाहुली हुती, धनुष्यवाली. तिच्या दोन्ही कानांला वर टोकं निघालेली. आता पंचवीस वर्सं साच्याचं काम बघितलेली बाई मी. साच्याच्या फटीत जास्तीचं जातंय आन मूर्ती काढली की टोक राहतंय, ते पॉलिश पेपरनं घासून काढायचं, ह्ये लहान पोर बी सांगंल. मी घासलं. लय निगुतीनं घासलं. गोल, गोजिरे कान केले आन सृष्टीला फोटो धाडला.

फोनवर किंचाळलीच. "आई! ते कान होते!"

"कानच हायती की अजून."

"अगं, तो एल्फ आहे! जंगलात राहणारी लांब कानांची माणसं असतात ती. तो कानांमुळंच ओळखू येतो!"

आता मला कुणी सांगितलं हुतं का? बाहुलीच्या बुडाला लिवलं हुतं का? असली माणसं शिराळ्यात तरी न्हाईत, आन शिराळ्याच्या पलीकडं मी कराडापातूर गेलीय, तितं बी न्हाईत.

संध्याकाळी राग उतरला. एम-सील मळली आणि नवे कान केले. पण हाताला सवय गणपतीची. कान म्हटलं की हात सूपच करतो. करून झाल्यावर बघितलं, तर धनुष्य घेतलेला तो पोरगा वारा आला तर उडून जाईल असा दिसत होता. पुन्हा घासायची हिंमत झाली नाही. रंग: गोरा, त्यात गुलाबीचा एक थेंब. कानांच्या आत थोडा जास्त, लाज वाटल्यासारखा.

२२ जून, रविवार

काय सांगू! बाहुल्या पुण्यात पोचल्या आणि काल त्यांनी त्याच घेऊन डाव मांडला. सृष्टी फोनवर हसून हसून बोलू शकत नव्हती. सूपकान्या बाहुलीचा मालक अमृत म्हणून पोरगा आहे. तो म्हणाला, माझ्या एल्फला आता दोन कोसांवरचं ऐकू येतं. आणि जयराजनं गोष्टीत ते धरलंसुद्धा, त्याला ऐकण्याचे जास्तीचे गुण दिले.

राक्षसांचं तर विचारूच नका. त्यांच्या डोळ्यांवर सगळा गट फिदा. सृष्टी म्हणाली, "आई, तुझे राक्षस एकाकडं बघतात आणि दुसऱ्यालाच मारतात, असं जयराजनं ठरवलंय. कुणाला काही अंदाजच येत नाही! आणखी पाच पाठवतोय, पण डोळे अगदी असेच हवेत."

ह्याला म्हणतात भाव. देव असो की दानव, नजरेत भाव पाहिजे. मी संयोगिताला मुद्दाम ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते ह्यांना सांगितलं. ह्ये म्हणाले, "असंच पायजे म्हनाले? नक्की?" सोळा वर्षं संसार सांभाळला तरी माणसाला आपल्या बायकोचं कौतुक पचत नाही. सोळा नव्हे, पंचवीस. सोळा वर्षं ब्रशाची.

२९ जून, रविवार

जयराजनं माझ्या फोनवर वेगळी ऑर्डर पाठवली. हल्ली फोनमधली अक्षरं फार बारीक येतात, म्हणून संयोगिताला वाचायला दिली. ती वाचू लागली.

"काकू नमस्कार. एक बाहुली वेगळी पाठवतोय, ती सृष्टीला दाखवू नका, सरप्राइज आहे. योद्धा बाई. तलवार डाव्या हातात. केसांची एकच वेणी, पुढं घेतलेली. हनुवटीवर डावीकडं तीळ. उजव्या भुवईत टाक्याची बारीक खूण. पंचमीला मी स्वतः न्यायला येतो."

वाचता वाचता ती खुदकन हसली. मी विचारलं, हसायला काय झालं? तर म्हणे ठसका लागला. आत्याबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या, त्यासुद्धा तोंडाला पदर लावून खोकल्या. घरात साथ आली आहे बहुतेक. उद्या सगळ्यांना काढा द्यायला हवा.

मला मात्र नवल वाटलं. पोरगा एवढा हुशार, आणि योद्ध्याला तीळ काय, टाका काय! असो. गिऱ्हाईक देव आहे.

५ जुलै, शनिवार

सृष्टी दोन दिवसांसाठी आली. डावखुरी तलवार कशी धरते ते मला कळेना, आणि घरात डावखुरी एकटी तीच. लाटणं हातात दिलं आणि म्हटलं, मार बघू.

"हे कशाला?"

"एक डावखुरी बाई करायची हाय. जयराजची ऑर्डर हाय. तुला सांगू नको म्हनालाय, तवा तू इचारू बी नको."

पोरीचे कान एकदम लाल झाले. कपाळाला हात लावून बघितलं, ताप नव्हता. पुण्याची हवा बाधलेली दिसते. मग मात्र तिनं लाटणं इतकं नीट धरून दाखवलं की काय सांगावं, वेणीसुद्धा आपणहून पुढं घेतली.

मी बाहुलीचा उजवा हात कोपरापासून कापला, तलवार काढली, डाव्या हातात बसवली. हे कापाकापीचं काम पंचमीच्या आधी उरकलेलं बरं. पंचमीला आमच्यात चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही. मग तो भोपळा असो की राक्षसीण.

खोलीतला बल्ब बदलून घेतला. नवासुद्धा अंधूकच निघाला.

१३ जुलै, रविवार

नागांची आखणी सुरू झाली. फण्यावर दहाचा आकडा, खाली दोन डोळे. दार लावून सकाळपासून वीस केले.

दहाव्यापाशी वाटलं की एक डोळा जरा वर गेलाय. मग वाटलं, नाही. मग वाटलं, दोन्ही वर गेलेत, म्हणजे सारखेच झाले. पुसायचा धीर होईना. जेवून जरा आडवी झाले, कारण हल्ली दुपारी कपाळ ठणकतं. उठून बघते तर काय, सगळे डोळे एका ओळीत! ओला रंग वाळताना माती रेषा ओढून घेते आणि सरळ करते, हे मला इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. लिहून ठेवते: आखणी झाली की दोन तास हात लावायचा नाही, आपोआप बसते.

१४ जुलै, सोमवार

आजपण तसंच झालं. माती आपली शहाणी आहे.

२० जुलै, रविवार

आज लिहायचं नव्हतं. पण वही उघडली गेली.

सुई ओवायला संयोगिताला दिली. माझे हात मातीचे आहेत म्हटलं. तिनं ओवून दिली, आणि हळूच म्हणाली, "अक्का, तुमचं हात सोच्छ हायती."

मी एवढी भडकले की विचारू नका. म्हटलं, "तुजा डोळा माज्या ब्रशावर हाय ते काय मला कळत न्हाई व्हय? तुजी नजर चांगली हाय, तर माजी काय फुटली?" ती रडत आत गेली. ह्ये साच्यापासून उठले आणि पहिल्यांदाच मला दटावलं, "मंगल, गप." पंचवीस वर्षांत मला कुणी गप म्हटलं नव्हतं.

खोलीत जाऊन दार लावलं आणि बसले. इथं खरं लिहिते, कारण ही रंगांची वही आहे, कुणी वाचणार नाही. मला जवळचं दिसत नाही. चैत्रापासून दिसत नाही. बल्बचा दोष नाही. तांदळातले खडे मी बोटांनी शोधते. पण चाळिशी लावली की ब्रश गेला. आणि ब्रश गेला तर ह्या घरात मी कोण? भाकरी करणारी कुठल्याही घरात असते. "डोळे मंगलचे" असं गाव म्हणतं, त्या नावावर मी जगते.

संयोगिताची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. तिनं मात्र संध्याकाळी चहा आणून दिला, साखर बरोबर.

२४ जुलै, गुरुवार, दिव्याची अवस

आज सगळंच उलटंपालटं झालं. सावकाश लिहिते.

दुपारी जरा आडवी झाले, पण झोप लागली नाही. संयोगिता परसात दिवे घासत होती, ह्ये बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते, दोघांचे आवाज ऐकू येत होते. डोळे काढायच्या खोलीचं दार मात्र आतून लावलेलं. मग आत कोण? त्या दाराची कडी जुनी आहे, खालून पायानं रेटलं की निघते. रेटलं.

आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. कोपर विटेवर टेकवलेलं, जिभेचं टोक बाहेर, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेली चाळिशी, आणि हातात माझा ब्रश. पुढ्यात नाग. मी सकाळी काढलेला डोळा त्या ओल्या कापडानं पुसून नवा काढत होत्या.

"आत्याबाई!"

"दार लाव आदी."

दार लावलं. मग माझं डोकं ठिकाणावर आलं. "चाळिशी लावून डोळं काढताय?"

"मग काय डोळं मिटून काढू? तुज्यासारखं?"

मी त्यांच्या पुढ्यात बसले. म्हटलं, म्हणजे रेषा वाळताना आपोआप सरळ होतात ते...

"आगं येडे, रेष काय आपसूक सरळ हुती व्हय? धा-बारा दिस झालं, तू कलंडलीस की मी हितं येती. कंबर मोडली माजी तुज्या नागांपायी."

"आन नजरंमदी काच नको ह्यो नेम?"

आत्याबाईंनी चाळिशी कपाळावर सरकवली आणि दाराकडं बघून आवाज खाली आणला. चुळबूळ करून सांगितलं ते असं. त्यांना पस्तिशीतच चाळिशी लागली होती. काचेचा नियम त्यांच्या सासूचा. सासूला कळलं असतं तर ब्रश थोरल्या जावेकडं गेला असता. म्हणून त्यांनी दार लावून बसायला सुरुवात केली आणि दिष्ट लागते असं सगळ्यांना सांगितलं. "समद्यांनी मानलं. सासूनं तर दारावर लिंबू बी बांदलं." तेव्हापासून वीस-बावीस वर्षं ह्या बाईनं गावाच्या सगळ्या देवांचे डोळे चाळिशी लावून काढले, आणि मी सोळा वर्षं त्याच दारामागं एकटी बसून घामाघूम होत होते!

"मग माज्याकडं ब्रश दिलासा कशाला? त्या दिशी तर म्हनालासा चाळिशी लागली म्हनून."

त्यांनी ब्रश पुसून बाजूला ठेवला. "तुजा हात माज्यापरीस बरा हुता. एकदा माज्या मागं तू गौरीचं डोळं काढलं हुतंस, ते बगितलं आन मला समजलं. पर तसं तोंडावर म्हनलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस. म्हनून चाळिशीचं नाव पुढं केलं."

मी रडले. लपवत नाही, ढसाढसा रडले. सोळा वर्षांत ह्या बाईनं माझ्या आमटीलासुद्धा बरी म्हटलं नाही, आणि हे पोटात ठेवून होती. आत्याबाई म्हणाल्या, "रडू नको, नागावर पानी पडंल," आणि दोरा सोडून आपली चाळिशी माझ्या नाकावर बसवली.

बाई गं.

आधी माझी नखं दिसली. मग भिंतीवरची कोळिष्टकं दिसली, ती मी रोज झाडते असं मला वाटत होतं. मग फळीवर ओळीनं ठेवलेले पाच राक्षस दिसले, उद्या पुण्याला जायचे. पाचही चकणे! एकाचा डोळा नाकावर, एकाचा कानाकडं, एकाला तर तीन ठिपके दिलेत मी. भाव कसला डोंबलाचा! रडता रडता असं हसू फुटलं की आत्याबाई घाबरल्या.

आणि त्या राक्षसांच्या पलीकडं ती योद्धा बाई उभी होती. तिला हातात घेतली. वेणी पुढं. तलवार डावीकडं. उजव्या भुवईत टाका. सृष्टी चौथीत असताना साच्याच्या फळीवरून पडली होती, तीन टाके पडले होते, मीच तिला कडेवर घेऊन दवाखान्यात पळाले होते. हनुवटीवर तीळ.

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या दुसरीकडं बघत म्हणाल्या, "तुला कवा दिसतंय त्येची वाट बगत हुतो आमी समदी."

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी पहिलं काम संयोगिताची माफी. ती म्हणाली, "अक्का, मला ब्रश नकोच. बारीक काम करताना मला झोप येती. मला साचं बनवायचं शिकायचंय, पर भावजींस्नी सांगायचं कसं?" ह्यांना सांगितलं. ह्ये एवढे खूश झाले की तिला तिथंच मातीत बसवलं. दोन महिने मी कुणाशी भांडत होते देव जाणे.

दुपारी ह्यांच्याबरोबर कराडला जाऊन डोळे तपासले, चष्मा तयारच मिळाला. दुकानदार म्हणाला, "काकू, फार उशीर केला." मी म्हटलं, "आमच्या घरात उशिराचीच पद्धत हाय."

पाच राक्षसांचे डोळे सरळ करायला घेतले आणि सृष्टीला फोन केला. ती ओरडली, "नको! हात लावू नकोस! चकणेच हवेत!" तर चकणेच ठेवले. पण आता दिसत असताना चकणं काढणं लय अवघड आहे. तीन ठिपकेवाल्याला चौथा दिला, निदान जोडी तरी झाली.

२८ जुलै, सोमवार, भावाचा उपास

आज घरचा नाग. त्याचे डोळे सगळ्यांत शेवटी काढतात.

दार उघडं ठेवलं. आत्याबाईंनीच सांगितलं, "ऱ्हाऊ दे उगडं, उजेड येतोय." चष्मा लावला, ब्रश घेतला. ह्ये उंबऱ्यात, संयोगिता शेजारी, आत्याबाई पाटावर. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझा हात चालताना कुणी बघितला.

डावा डोळा. उजवा डोळा. आत्याबाईंनी चाळिशीतून वाकून बघितलं, खूप वेळ बघितलं. शेवटी म्हणाल्या, "आमटी बी अशी करत जा."

ह्ये म्हणाले, "दिष्ट लागंल गं." आणि दाराला नवं लिंबू बांधून आले.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी

जयराज सृष्टीबरोबर सकाळच्या एसटीनं आला. उंच, दाढीवाला, पाया पडताना चौकटीला डोकं आपटलं. गावात फिरून, मिरवणूक बघून जेवायला आले. आज चिरणं नाही, तळणं नाही. पुरणाची दिंडं उकडली होती, त्यावर तूप.

ते बाहेर फिरत होते तेव्हा मी योद्धा बाईला एकदा चष्म्यातून नीट बघून घेतलं होतं. तीळ चुकला होता. उजवीकडं दिलेला मी. कापायला आज बंदी आहे, पुसायला नाही. ओल्या बोटानं पुसला आणि डावीकडं दिला, जिथं तो जन्मापासून आहे. डोळेही पुन्हा काढले. ते काढताना सृष्टीचा फोटो बघावा लागला नाही.

पहिली पंगत बसली. तो सृष्टीच्या शेजारी नाही, समोर बसला, शहाणा आहे. मी दोघांच्या मधोमध, त्याच्यापुढं ती बाहुली ठेवली. दडवायचं आता कुणापासून? तो बाहुलीकडं बघतच राहिला. मग सृष्टीकडं बघितलं. मग पानाकडं. तूप वाढायला मी वाकले आणि चष्मा नाकावर नीट बसवून त्याला कपाळापासून हनुवटीपर्यंत बघून घेतलं. चेहरा सरळ होता. डोळे दोन्ही एकाच ठिकाणी बघत होते, हेही तपासलं.

"काकू, असं काय बघताय?"

"काय न्हाई बाबा. आजपातूर नीट दिसत नव्हतं."

सृष्टीला ठसका लागला. संयोगिता पाणी आणायला पळाली, आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मी त्याच्या पानात आणखी एक दिंड वाढलं.